कागदात न गुंडाळलेला पंप

मंडळी, या वेळचा लेख संपादकांच्या हाती पडायला उशीर झाला, त्याबद्दल आधीच माफी मागतो. विषय घरातला आहे, आणि घरातले लिहिताना पेन जरा अडखळते.

या वर्षी जानेवारीतली गोष्ट. रविवारी सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावत होतो, तेवढ्यात न्यू जर्सीहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे शनिवारची रात्र. एरवी ती आधी आईला फोन लावते, मला दुकानात लावत नाही. म्हणून जरा धसकलोच.

"बाबा, माझा पंप तुमच्याकडे केवढ्याला मिळतो?"

आमच्या लेकीला आठव्या वर्षापासून दमा आहे. गेली कित्येक वर्षे ती सकाळ-संध्याकाळ पंप घेते आणि ठणठणीत असते. नव्या वर्षात तिच्या विमा कंपनीने औषधांची यादी बदलली, तिचा पंप यादीतून गेला, आणि दुकानदाराने तिच्याकडे तीनशे डॉलरच्या आसपास रक्कम मागितली. एका महिन्याच्या एका पंपाची.

मी मागे वळून फळीकडे पाहिले. तीच दोन औषधे, तेवढ्याच मात्रेची, चार-पाच कंपन्यांची खोकी ओळीने लावलेली. कुठल्याही खोक्यावर छापील किंमत काही शे रुपयांपलीकडे नाही. तिला सांगितले तर ती हसली. म्हणाली, "मग या उन्हाळ्यात येताना चार घेऊन या."

तोवर बायको डबा घेऊन दुकानात आली होती. तिने फोन हातात घेतला आणि आईचा प्रश्न विचारला, "दोन्ही वेळा घेतेस ना गं?"

"सध्या रात्री एकदाच घेते. पुरवून पुरवून."

लाडू, लोणचे, गावाकडून आलेले तूप आपण पुरवून पुरवून खातो. श्वासाचे औषध कुणी पुरवून घेत असेल, आणि ती आपलीच मुलगी असेल, हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. तेहतीस वर्षे हे दुकान चालवतो आहे. त्या दिवशी गल्ल्यावर बसून मी एकच विचार करत होतो: तेच औषध इथे शेकड्यातल्या रुपयांना आणि तिथे शेकड्यातल्या डॉलरना का?

तुमच्यातले बरेच जण आज इंदूर सोडून पुणे, बंगळूर, टोरांटो, न्यू जर्सीला आहेत. हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी पडेल. म्हणून मी जेवढे वाचले आणि समजून घेतले, तेवढे मांडतो. मी वकील नाही, बी. फार्म. झालेला दुकानदार आहे.

आधी पंपाची गोष्ट, कारण ती एका शाळकरी मुलीपासून सुरू होते. १९५५ साली अमेरिकेत रायकर नावाच्या औषध कंपनीचे प्रमुख होते जॉर्ज मेसन. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. काचेच्या नळीतून रबरी फुगा दाबून औषध ओढायचे, ते तिला नकोसे व्हायचे. तिने वडिलांना विचारले की केसांचा स्प्रे जसा डब्यातून उडतो तसे माझे औषध का नाही मिळत? वडिलांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, ठरावीक मात्रा उडवणारा पहिला पंप बाजारात आला.

त्या पंपात श्वासनलिका तात्पुरती मोकळी करणारे औषध होते. आजचा निळा पंप त्याच कुळातला. पण दम्यात मूळ दुखणे असते ते नळ्यांच्या आतल्या सुजेचे. सूज उतरवायला स्टिरॉइड लागते, आणि गोळीतले स्टिरॉइड महिनोन्महिने घेतले तर हाडे, साखर, रक्तदाब सगळीकडे त्रास. मग तेच औषध थेट फुप्फुसात, अगदी थोडे पाठवता आले तर? इंग्लंडमध्ये ग्लॅक्सो समूहातल्या अ‍ॅलन अँड हॅनबरीज कंपनीत डेव्हिड जॅक यांच्या चमूने ते करून दाखवले. १९७२ मध्ये बेक्लोमेथासोनचा पंप आला. पुढे स्वीडनमधून ब्यूडेसोनाइड आले, १९९० च्या सुमारास फ्लुटिकासोन आले. दम्याच्या उपचारातला खरा बदल हा. पूर्वी माणूस अटॅक आल्यावर धावपळ करायचा, आता अटॅक येऊच नये म्हणून रोज औषध घेऊ लागला.

मात्रेचा हिशोब एकदा लक्षात घ्या, म्हणजे 'स्टिरॉइड' या शब्दाची निम्मी भीती जाईल. प्रेडनिसोलोनची लहानात लहान नेहमीची गोळी पाच मिलिग्रॅमची, म्हणजे पाच हजार मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण शंभर-दोनशे मायक्रोग्रॅम. त्यातलेही जे गिळले जाते, ते नव्या औषधांच्या बाबतीत यकृत बहुतांशी निकामी करून टाकते.

आता पेटंट. कुणी नवे काही शोधले तर सरकार त्याला सांगते, तुझी युक्ती सगळ्यांना उघड करून सांग, त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे ती तुझ्या परवानगीशिवाय कुणी वापरणार नाही. सौदा वाजवी आहे. एक औषध शोधायला वर्षे जातात, शंभर रेणू वाया जातात तेव्हा एक लागू पडतो. वीस वर्षे संपली की दुसऱ्या कंपन्या तेच औषध बनवतात, त्याला आपण जेनेरिक म्हणतो, आणि भाव उतरतो.

मग बेक्लोमेथासोन १९७२ चे. ब्यूडेसोनाइड १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचे. या रेणूंची पेटंटे कधीच संपली. तरी २०२४ च्या जानेवारीत अमेरिकी सिनेटच्या आरोग्य समितीने चार पंप कंपन्यांची चौकशी सुरू केली तेव्हा जे आकडे पुढे आले, त्यांत बेक्लोमेथासोनच्या क्यूव्हार रेडिहेलरची अमेरिकेतली छापील किंमत २८६ डॉलर होती आणि जर्मनीतली ९ डॉलर. फ्लुटिकासोन आणि सालमेटेरॉल एकत्र असलेल्या अ‍ॅडव्हेअर पंपाची अमेरिकेत ३१९, ब्रिटनमध्ये २६. पन्नास वर्षांच्या औषधाला २८६ डॉलर लागतात ते कशाचे?

उत्तर असे, की पंप म्हणजे नुसते औषध नव्हे. औषध, ते उडवणारा वायू, डबी, तोंडाला लावायची नळी, आत बसवलेली झडप, किती फवारे उरले ते दाखवणारा काटा, हे सगळे मिळून पंप. यातल्या प्रत्येक गोष्टीवर वेगळे पेटंट मिळू शकते, आणि प्रत्येकाची वीस वर्षे वेगळ्या तारखेला सुरू होतात. वाड्याचे पुढचे दार उघडले तरी आत चार खोल्यांना चार कुलपे असावीत, तसे. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८६ ते २०२० या काळात तिथे मान्यता मिळालेल्या पंपांची पेटंटे तपासली. निम्म्याहून अधिक पेटंटे औषधावर नव्हती, यंत्रावर होती. आणि एवढ्या वर्षांत खरोखर नव्या पद्धतीने काम करणारे औषध असलेला पंप एकच निघाला.

अ‍ॅडव्हेअरचेच पाहा. अमेरिकेत त्याच्या गोल चकतीसारख्या डिस्कसला २००० साली मान्यता मिळाली. आतली दोन्ही औषधे त्याआधी वेगवेगळी विकली जात होती. दोन जुनी औषधे एका डबीत घालणे हा नवा शोध धरायचा का? २००४ मध्ये लंडनच्या न्यायालयाने म्हटले, नाही. डॉक्टर दोन्ही औषधे एकत्र देतच होते, या जोडीत जाणकाराला न सुचण्यासारखे काही नाही. ब्रिटनमधले पेटंट रद्द झाले. त्या खटल्यात आव्हान देणाऱ्यांत आपली सिप्लाही होती. अमेरिकेत मात्र जोडीचे पेटंट २०१० पर्यंत टिकले, मग चकतीच्या यंत्राची पेटंटे २०१६ पर्यंत. पहिल्या जेनेरिकला मान्यता मिळाली ती २०१९ च्या जानेवारीत, आणि त्याची छापील किंमत मूळ पंपापेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी कमी होती. ब्यूडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉलच्या सिम्बिकॉर्टचे जेनेरिक तर २०२२ मध्ये मान्य होऊन २०२३ मध्ये दुकानात आले. आमच्या फळीवर ही जोडी वेगवेगळ्या नावांनी कितीतरी वर्षे बसलेली आहे.

आणखी एक किस्सा तुमच्या पिढीला विचारात पाडेल, कारण पर्यावरण तुमच्या जिव्हाळ्याचे. जुन्या पंपांत औषध उडवायला सीएफसी वायू वापरत. तोच ओझोनच्या थराला भोक पाडतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारात त्यावर निर्बंध ठरले. पंपांना काही वर्षे सवलत मिळाली, पुढे कंपन्यांनी एचएफए नावाचा दुसरा वायू आणला. चांगलेच झाले. पण नव्या वायूसाठी झडप बदलली, मिश्रण बदलले, आणि बदललेल्या प्रत्येक गोष्टीवर नवी पेटंटे आली. अमेरिकेत २००८ अखेर सीएफसीचे सालब्युटामॉल पंप बंद झाले, त्याबरोबर स्वस्त जेनेरिकही गेले आणि पेटंटवाले महाग पंप तेवढे उरले. ओझोन वाचला, त्याचे बिल दमेकऱ्याने भरले.

कुलपे इतकी टिकतात कशी, यालाही कारण आहे. अमेरिकेत औषधावरची पेटंटे एका सरकारी यादीत नोंदवतात, तिला ऑरेंज बुक म्हणतात. यादीतल्या पेटंटाला जेनेरिक कंपनीने आव्हान दिले आणि मूळ कंपनीने वेळेत दावा लावला, की जेनेरिकची मान्यता तीस महिन्यांपर्यंत अडकते. दाव्यात दम असो वा नसो, अडीच वर्षे मिळाली. २०२३ च्या नोव्हेंबरात तिथल्या व्यापार आयोगाने या यादीतल्या शंभराहून अधिक नोंदींवर हरकत घेतली, त्यांत पंपांच्या बऱ्याच होत्या. मग न्यू जर्सीच्याच एका न्यायालयात टेवा आणि अ‍ॅमनील यांचा खटला गाजला. पंप सालब्युटामॉलचा होता, पण मुद्दा सगळ्या पंपांना लागू. वादातली पाच पेटंटे फवारे मोजणारा काटा आणि यंत्राच्या भागांवरची. त्यांत औषधाचा रेणू कुठेच नाही, तर औषधांच्या यादीत ती कशी? २०२४ च्या जूनमध्ये न्यायाधीशांनी ती यादीतून काढायला सांगितली आणि डिसेंबरात वरच्या न्यायालयाने तेच कायम केले.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी बिल फाडून एकच भाग दाखवल्यासारखे होईल. पंपाची नक्कल गोळीच्या नकलेइतकी सोपी नसते. औषधाचा कण साधारण एक ते पाच मायक्रॉनचा हवा. मोठा झाला तर घशातच चिकटतो, फार बारीक झाला तर श्वासाबरोबर बाहेर येतो. प्रत्येक फवारा सारखा पडायला हवा, पहिलाही आणि एकशे विसावाही. अ‍ॅडव्हेअरच्या जेनेरिकला २०१६ नंतरही तीन वर्षे लागली त्यात पेटंटाइतकाच या अवघड कामाचा वाटा होता. आणि चांगले यंत्र ही खरीच सुधारणा असते. काटा नसलेले पंप मी विकले आहेत. आत औषध संपलेले आणि नुसता वायू ओढत बसलेले आजोबाही पाहिले आहेत. काट्याला पेटंट मिळू नये असे मी म्हणत नाही. काट्याच्या पेटंटाने औषधाला कुलूप लागू नये, एवढेच म्हणतो.

आता आपल्याकडे यायचे. ज्या १९७२ साली इंग्लंडात स्टिरॉइडचा पहिला पंप आला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारतात नवा पेटंट कायदा लागू झाला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये दिलेल्या अहवालावर तो उभा होता. त्यात ठरले की औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर, तेही जास्तीत जास्त सात वर्षे. म्हणजे पुरणपोळीवर हक्क कुणाचाच नाही, तुम्ही तुमच्या रीतीने करा, मी माझ्या रीतीने करतो. या एका वाक्याने भारतातला औषधधंदा उभा केला. सिप्लाने त्याच दशकात इथे पंप बनवायला घेतले, मागाहून इतर कंपन्या आल्या, आणि भाव खाली राहिले.

जागतिक व्यापार कराराप्रमाणे २००५ पासून आपल्याकडेही रेणूवर वीस वर्षांचे पेटंट मिळू लागले. पण ते १९९५ नंतरच्या शोधांना. ब्यूडेसोनाइड, फ्लुटिकासोन, सालमेटेरॉल ही त्याआधीची मंडळी, त्यांच्या रेणूंना इथे कधी कुलूप लागलेच नाही. शिवाय कायद्यात दोन खिळे ठोकलेले आहेत. कलम ३(ड) सांगते की जुन्या औषधाचे नुसते रूप बदलले आणि गुण वाढला नाही तर पेटंट नाही. कलम ३(ई) सांगते की दोन गोष्टी नुसत्या एकत्र केल्या तर तो शोध नव्हे. यातल्या ३(ड) वरच २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅन्सरवरच्या ग्लिव्हेकच्या खटल्यात नोव्हार्टिसला नकार दिला, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल.

तरी आपल्याकडे पेटंटच नाही अशा भ्रमात राहू नका. फुप्फुसांच्या दुसऱ्या एका जुनाट आजारावर ओढून घ्यायचे इंडाकॅटेरॉल नावाचे औषध आहे. २०१४ मध्ये सिप्लाने त्याची स्वस्त आवृत्ती काढली, नोव्हार्टिस न्यायालयात गेली, आणि २०१५ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने सिप्लाची विक्री थांबवली. नव्या रेणूंना इथेही कुलूप लागते. आपले पंप स्वस्त आहेत ते जुने रेणू मोकळे राहिले म्हणून, बनवणारे पुष्कळ आहेत म्हणून, आणि ब्यूडेसोनाइडसारखे औषध आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने सरकार त्याची कमाल किंमत बांधून देते म्हणून.

गंमत अशी, की सिप्लाचा पंप बनवणारा एक कारखाना आपल्या घरापासून तासाभरावर पीथमपूरला आहे, आणि तिथले पंप अमेरिकेतही जातात. लेकीला हे सांगितले तर म्हणाली, "म्हणजे बाबा, पंप इंदूरहून इकडे येतो आणि मी इकडून इंदूरचा पंप मागते!"

इथपर्यंत लिहिले तेव्हा मला वाटले लेख झाला. आपला कायदा शहाणा, त्यांचा महाग, सबब भारत माता की जय. पण बायकोने वाचला आणि एकच वाक्य बोलली, "ते वर्तमानपत्राचे लिहिणार नाही का?"

लिहितो.

आमच्या दुकानात तेहतीस वर्षे एक रीत होती. पंप मागणारे गिऱ्हाईक आजूबाजूला पाहून हळूच म्हणायचे, "काका, कागदात गुंडाळून द्या." मीही न विचारता वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचो. 'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय', 'मुलीचे लग्न व्हायचे आहे', सगळे ऐकून घ्यायचो. धंद्यात वाद कशाला?

२०१२ च्या डिसेंबरात आमच्या लेकीला बघायला बाहेरगावची मंडळी येणार होती. तिचा पंप शोकेसवर असायचा. तो मी उचलून कपाटाच्या खणात ठेवला आणि म्हणालो, "चार दिवस नाही घेतलास तर काय होतंय?" बी. फार्म. झालेला माणूस हे बोलला. त्यांचे होकार-नकार लांबत गेले, चार दिवसांचे तीन आठवडे झाले, आणि तिनेही माझ्या शब्दाखातर पंप काढला नाही. मग एका लग्नात वरातीच्या फटाक्यांच्या धुरात उभी राहिली. रात्री दोनला तिला दवाखान्यात नेले तेव्हा एक वाक्य सलग बोलता येत नव्हते. ओठ काळसर झालेले मी पाहिले. ऑक्सिजन, नेब्युलायझर, सलाइन. पहाटे ती थोडी सावरली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारले, "रोजचा पंप कधीपासून बंद आहे?" मी जमिनीकडे पाहत राहिलो.

तेव्हा कुठले पेटंट आडवे आले नव्हते. औषध माझ्याच फळीवर होते, माझ्याच भावात. कुलूप मी घातले होते.

आणि हे फक्त माझ्या घरचे नाही. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. जिथे पंप जगात सर्वांत स्वस्तांपैकी, तिथे ही स्थिती. कारण आपल्याकडची माणसे निळ्या पंपावर किंवा गोळ्यांवर भागवतात आणि सूज उतरवणारा पंप घेतच नाहीत, किंवा बरे वाटले की सोडून देतात. २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनीही सांगून टाकले आहे की नुसत्या निळ्या पंपावर दमा सांभाळू नये, सोबत स्टिरॉइड हवेच. अमेरिकेत माणूस परवडत नाही म्हणून पुरवून घेतो, आपण लाज वाटते म्हणून लपवून घेतो. फुप्फुसाला दोन्ही सारखेच.

लेकीचे पुढे काय झाले ते सांगतो. त्या जानेवारीत मी तिला पंप पाठवायला नकार दिला. दुसऱ्याच्या नावाचे औषध बॅगेतून किंवा कुरियरने नेणे नियमात बसत नाही, आणि वाटेत उन्हात तापलेल्या डबीचा भरवसा नाही. त्याऐवजी तिला डॉक्टरांकडे पाठवले. "विम्यात बसेल असे जेनेरिक लिहून द्या" एवढे म्हटल्यावर त्यांनी चिठ्ठी बदलली. तिथल्या तीन मोठ्या कंपन्यांनी २०२४ मध्ये रुग्णाने महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त भरावे लागू नये अशा योजना जाहीर केल्या आहेत, हेही तिला ठाऊक नव्हते. परदेशात असाल तर हे दोन प्रश्न नक्की विचारा: जेनेरिक आहे का, आणि कंपनीची सवलत आहे का. इथून स्वतः जाताना स्वतःच्या नावाची चिठ्ठी, मूळ खोके, आणि साधारण तीन महिन्यांपुरतेच औषध.

घरात कुणाला पंप असेल तर आणखी चार गोष्टी. फवाऱ्याचा पंप आधी हलवा, श्वास पूर्ण सोडा, मग दाबताना सावकाश खोल ओढा आणि दहापर्यंत मोजत रोखा. पावडरीचा असेल तर उलट, जोराने ओढा. लहान मुलांना आणि आजी-आजोबांना स्पेसर लावून द्या. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका. आणि बरे वाटते म्हणून डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

ती दिवाळीनंतर चुलतभावाच्या लग्नाला आली होती. वरात निघायच्या आधी, दोन्हीकडची शंभर माणसे बसलेली असताना तिने पर्समधून पंप काढला, शांतपणे दोन वेळा घेतला, चूळ भरून आली आणि नाचायला गेली. जावईबापू माझ्या शेजारी बसले होते. २०१३ मध्ये ते तिला बघायला आले तेव्हा तिने माझे न ऐकता पोह्यांच्या बशीशेजारी पंप ठेवला होता. "दिवसातून किती वेळा?" एवढे त्यांनी विचारले. "दोन," ती म्हणाली. "बरं," म्हणून त्यांनी पोहे घेतले.

दुकानात मी आता पंप कागदात गुंडाळत नाही. मागितला तरी नाही. काउंटरवर उघडा ठेवतो, कसा घ्यायचा ते दाखवतो, आणि मगच पैसे घेतो. परवा कॉलेजातला एक मुलगा आला. सवयीने मागे वळून पाहिले त्याने. मी म्हटले, "भिया, चष्म्याला कागद मागतोस का कधी?" तो हसला आणि पंप शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून गेला.

तुमच्या औषधांबद्दलचे प्रश्न नेहमीप्रमाणे मंडळाच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या वेळी फ्रिजच्या दारात ठेवलेल्या इन्सुलिनबद्दल बोलू.